खडखड वाचतात, पण कळत काहीच नाही. वर्गात तुम्ही काय करता?

खडूधारी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. मास्तर असूनही शुद्धलेखन सांभाळून घ्या.

जिल्हा परिषदेची शाळा, नाशिक जिल्ह्याचा कोरडा भाग, चौथीचा वर्ग, पट ३१. माझी मुलं वाचतात. जोडाक्षरांसकट खडखड वाचतात. मागच्या महिन्यात साहेब आले होते. एक मुलगी उभी राहिली आणि दीड पान न अडखळता वाचून गेली. साहेबांनी तिची पाठ थोपटली, माझीही थोपटली. ते गेल्यावर मी तिला पुस्तक मिटायला लावलं आणि सहज विचारलं, "काय होतं गं त्यात?" पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, वाचायचं म्हणला होता ना तुम्ही?"

ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हे लिहिलं:

"काल सायंकाळी लांबुळा फुंदरीच्या झबरात पिटकत होता. त्याला दोन ठिंबऱ्या गवसल्या. त्यामुळे लांबुळा फार कुडमला."

खाली नेहमीसारखे प्रश्न. लांबुळा कुठे पिटकत होता? त्याला किती ठिंबऱ्या गवसल्या? लांबुळा का कुडमला?

३१ पैकी २७ जणांनी तिन्ही उत्तरं बरोबर लिहिली. पूर्ण वाक्यात, शेवटी पूर्णविराम देऊन. "लांबुळा फार कुडमला कारण त्याला दोन ठिंबऱ्या गवसल्या." एकानेही विचारलं नाही की गुरुजी, लांबुळा म्हणजे काय? चौदा वर्षं मी असल्या उत्तरांवर बरोबरची खूण करत आलोय, हे त्या दिवशी कळलं.

तर प्रश्न साधा आहे. वाचलेलं कळावं म्हणून तुम्ही वर्गात नेमकं काय करता? 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे' यावर कृपया भाषण नको, ते शिक्षण परिषदेत दर महिन्याला ऐकतो.

चहाबाज | सोमवार, रात्री १०:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). लांबुळा लय भारी. आमच्या ऑफिसातली निम्मी परिपत्रकं अशीच असतात आणि आम्ही त्यांना उत्तरंही देतो.

उत्तरपत्रिका | सोमवार, रात्री १०:३५

यात मुलांचा काय दोष? 'कोण कोणास म्हणाले' आणि 'रिकाम्या जागा भरा' यांचं उत्तर शोधायला उताऱ्यावरून बोट फिरवलं की झालं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जिथे सापडतो तिथलं वाक्य उतरवायचं. दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा वाटलं होतं की हे बदलेल. क्लासवाल्यांनी वर्षभरात तिचेही साचे पाडले.

निवृत्त मास्तर | मंगळवार, सकाळी ६:५०

खडूधारी, धागा आवडला. मी ३४ वर्षं शिकवून घरी बसलोय, त्यामुळे सकाळी वेळच वेळ आहे. जरा लांबण लावतो.

तुमच्या दुखण्याला जुना इतिहास आहे. डोलोरेस डर्किन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७८-७९ साली एक अभ्यास छापला. त्या तिथल्या चौथीच्या वर्गांत जाऊन बसल्या आणि वाचनाच्या तासांना घड्याळ लावलं. एकूण ४,४६९ मिनिटं निरीक्षण. त्यातली आकलन 'शिकवण्यात' गेलेली मिनिटं किती? २०. बाकीचा वेळ प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, कागद वाटणं. बाईंचा मुद्दा असा होता की कळलंय का ते शिक्षक सतत तपासतात, पण कळवून घ्यायचं कसं ते कुणी दाखवत नाही. पोहायला येतं का म्हणून पोराला रोज विहिरीत ढकलायचं आणि बुडालं की शून्य मार्क द्यायचे, त्यातली गत.

मग दाखवायचं कसं? माझी रीत सांगतो. स्वतः वाचताना आपल्या डोक्यात जे चालतं ते मोठ्याने बोलायचं. एकच वाक्य घ्या:

"आईने काढून ठेवलेली भाकरी मांजराने खाल्ली आणि मार मात्र गण्याला बसला."

मी फळ्यासमोर उभा राहून बोलायचो: "भाकरी काढून ठेवली. कुणी? आईने. कुणासाठी? ते लिहिलेलं नाही. खाल्ली मांजराने. मग मार गण्याला का? अच्छा, आईला वाटलं असणार की गण्यानेच खाल्ली. म्हणजे आईने मांजर पाहिलंच नाही. आणि 'मात्र' का लिहिलंय? लिहिणाऱ्याला गण्याची कीव येतेय." पोरं आधी हसतात, मास्तरला वेड लागलं म्हणतात. आठवड्याने तीच पोरं असं बोलायला लागतात.

आपल्या भाषेत एक जादाची अडचण आहे. मराठीत कर्ता खुशाल गाळता येतो. 'घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून झोपला.' कोण? तो दोन वाक्यांमागे राहिलेला असतो. मोठ्यांच्या ते ध्यानातही येत नाही, नऊ वर्षांचं पोर तिथेच हरवतं. मी मुलांना प्रत्येक 'तो', 'तिने', 'त्याला'पासून मूळ नावापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावायचो. पुस्तक खराब होतं म्हणून एक पालक भांडायलाही आले होते. आणि 'तरी', 'म्हणून', 'नाहीतर', 'मात्र' या चार-पाच शब्दांवर एकेक तास घालवा. 'पाऊस आला म्हणून सहल गेली' आणि 'पाऊस आला तरी सहल गेली', यातलं कुठलं शहाणं वाक्य आणि का, यावर वर्ग अर्धा तास भांडू शकतो.

तिरकस | मंगळवार, सकाळी ११:१५

मास्तर, आदर आहे, पण या क्लृप्त्यांवर माझा फारसा भरवसा नाही. कळणं हे मुळात माहितीवर चालतं. १९८८ साली रेश्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि छोट्या लाकडी मैदानावर बाहुल्या हलवून सामना परत दाखवायला सांगितलं. ज्यांचं वाचन कच्चं पण बेसबॉलची माहिती पक्की, ती मुलं वाचनात हुशार पण बेसबॉलमध्ये कोऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे 'आकलनकौशल्य' नावाची वेगळी थैली डोक्यात नसते. बाण काढत बसण्यापेक्षा भूगोल, विज्ञान, इतिहास नीट शिकवा. आपोआप कळायला लागेल.

बालाघाट | मंगळवार, दुपारी १:२०

तिरकसरावांशी निम्मा सहमत. मी बीड जिल्ह्यात शिकवतो. वर्गातली निम्मी पोरं दिवाळीच्या आगंमागं आईबापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्याकडे जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. भरती-ओहोटीच्या उताऱ्यावर ही पोरं दगड. समुद्र कुणी बघितलाय?

एकदा मीच ऊसतोडीवर पंधरा ओळींचा उतारा लिहिला. त्यात मुद्दाम एक वाक्य टाकलं: "मुकादमाने यंदा वीस कोयते नेले." आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं मुकादम हत्यारं घेऊन गेला. वर्गातलं सगळ्यात 'ढ' पोरगं उठून म्हणालं, "सर, एक कोयता म्हणजे नवरा-बायको. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं. आणि उचल दिली असंल म्हणून गेली." उचल म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, आणि हा शब्द उताऱ्यात नव्हताच! ते पोरगं ओळींच्या मधलं वाचत होतं, आणि मी त्याच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षं 'आकलन कमी' लिहीत होतो.

पण निम्माच सहमत, कारण त्याच पोराला त्याच आठवड्यात मधमाश्यांवरचा उतारा दिला तर परत बोट फिरवून उत्तर. त्याला माहिती वापरता येते, पण पुस्तक वाचताना ती वापरायची असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

निवृत्त मास्तर | मंगळवार, दुपारी ३:०५

बालाघाट, शेवटचं वाक्य अगदी नेमकं.

तिरकस, तुमच्या बेसबॉलला माझं उत्तर १९८४ चं. पॅलिन्सर आणि ब्राऊन यांनी सातवीतली अशीच मुलं निवडली होती, वाचन ठीक पण कळत नाही अशी. छोट्या गटात उतारा वाचायचा आणि चार कामं आळीपाळीने मुलांनीच करायची: पुढे काय येईल याचा अंदाज, एक चांगला प्रश्न, अडलेल्या जागेचा उलगडा आणि थोडक्यात सार. आधी शिक्षक करून दाखवतो, मग हळूहळू बाजूला होतो. काही आठवड्यांत मुलांच्या आकलनात चांगला फरक पडला. माहिती हवीच, नाही कोण म्हणतंय? पण खिशात पैसे असून दुकानात जायचं माहीत नसेल तर उपाशीच राहणार.

तिरकस | मंगळवार, दुपारी ४:४०

ती चार कामं शिकायला किती दिवस लागतात? दहा तास, पंधरा तास. नंतर वर्षभर तेच घोळवून आणखी फायदा होत नाही. मी क्लृप्त्यांच्या विरोधात नाही, त्यांचाच पाठ्यक्रम करून टाकण्याच्या विरोधात आहे. उद्या 'अंदाज बांधा – ५ गुण' असा रकाना येईल आणि पोरं अंदाजही गाइडमधून पाठ करतील.

उत्तरपत्रिका | मंगळवार, दुपारी ४:५५

हे मात्र शंभर टक्के होणार.

तापीकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

सगळे एक गोष्ट विसरताय. तुमची पोरं ज्या भाषेत वाचतात ती त्यांची भाषा आहे का?

माझ्या शाळेत घरोघर अहिराणी. पुस्तकात 'मुलगा', घरी 'आंडोर'. गुरुजी विचारणार 'काय करतोस?', घरी 'काय करी राहिना?'. पहिलीत ही पोरं गप्प असतात आणि आपण म्हणतो समजत नाही. मी एवढंच केलं: उतारा प्रमाण मराठीत वाचायचा, पण त्याबद्दल बोलायचं अहिराणीत. गोष्ट परत सांगायची ती घरच्या भाषेत. पहिल्या दिवशी पोरं एकमेकांकडे बघून हसली, शाळेत असं बोलतात होय! तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीने अख्खी गोष्ट सांगितली, पुस्तकात नव्हती इतकी शिव्याशापांसकट. कळलेलं होतं सगळं. नव्हते ते फक्त प्रमाण भाषेतले शब्द.

आमची बोली निदान मराठीच्या शेजारची तरी आहे. मेळघाटात कोरकू बोलणारी मुलं असतात, ती भाषा तर मुंडा कुळातली, मराठीशी नातंच नाही. तिथल्या गुरुजींपुढे माझी अडचण काहीच नाही. पालघरकडे नीलेश निमकर आणि त्यांच्या क्वेस्ट संस्थेने अशा मुलांसोबत बरंच काम केलंय, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आयुष्य घातलं. या मंडळींचं मराठीत लिहिलेलं मिळेल ते वाचा.

पोळपाट | बुधवार, सकाळी ९:१०

मी शिक्षिका नाही, पुण्यातल्या तिसरीतल्या मुलाची आई. एक बाळबोध शंका. 'असर'च्या, म्हणजे मुलांना वाचता येतं का याच्या त्या पाहणीच्या, बातम्या अधूनमधून येतात, पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही वगैरे. मग आधी वाचायला येऊ दे, कळायचं नंतर बघू, असं नाही का?

निवृत्त मास्तर | बुधवार, सकाळी ९:४५

शंका बाळबोध नाही, ताई. २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हाच आकडा ४२.८ होता. पण तिथे मुख्यतः मूल मोठ्याने वाचतं का एवढंच बघतात. खडूधारींचे सगळेच्या सगळे ३१ त्यात पास होतील.

गफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये याचं एक सुटसुटीत गणित मांडलं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं, म्हणजे वाचलेलं कळणं. बेरीज नाही हं, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. म्हणून दोन्ही पहिलीपासून बरोबरीने चालायला हवं. अक्षरं शिकत असतानाच रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा आणि तिच्यावर गप्पा मारा. मुलाला जे स्वतः वाचता येतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी अवघड कळतं. घरी 'किशोर' आणता का? १९७१ पासून बालभारती काढते, अजूनही स्वस्त आहे.

आणि हो, उलटंही खरं. शब्द-शब्द फोडत वाचणारं पोर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. त्याला अंदाज बांधायला लावू नका, त्याला आधी सराव द्या.

खडूधारी | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

मंडळी, गायब नव्हतो. करून बघत होतो. वृत्तान्त देतो.

पहिला आठवडा मास्तरांसारखं मोठ्याने बोललो. वेड्यासारखं वाटलं, पण जमलं. बाण काढणं पोरांना भलतंच आवडलं. एकाने 'त्याला'पासून बाण काढून दोन पानं मागे नेला, आणि बरोबर होता.

दुसरा आठवडा फसला. चार कामांच्या चिठ्ठ्या केल्या, गट पाडले. पोरांनी नावंही ठेवली: अंदाज्या, प्रश्न्या, उलगड्या आणि सांग्या. दोन दिवस मजा. तिसऱ्या दिवशी उलगड्या म्हणाला, "मला 'झाड' शब्द अडला." का रे? "कायतरी अडायला पाहिजे ना गुरुजी, चिठ्ठी आलीय." तिरकसराव, तुमची आठवण झाली. चिठ्ठ्या गुंडाळून ठेवल्या. चूक माझीच होती. चारही कामं एकदम सुरू केली आणि उतारे इतके सोपे दिले की अडण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

तिसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट धरली. लिहिलेलं नाही ते ओळखायचं. बालाघाटांसारखा मीच उतारा लिहिला:

"शाळेतून आलो तर दारात चपलांचे दोन अनोळखी जोड. आजीने डब्यातून आणखी दोन वाट्या तांदूळ काढले. बाबांनी मला गुपचूप पैसे देऊन दुकानात पिटाळलं."

प्रश्न एकच. घरात काय झालंय?

पहिलं उत्तर: "आजीने तांदूळ काढले." म्हटलं, ते तर लिहिलंच आहे, मी लिहिलेलं नाही ते विचारतोय. वर्ग शांत. मग एक म्हणाला, "पावणे आलेत." कशावरून? "चपला." किती पाहुणे? "दोन." नुसत्या चपलांवरून? "तांदूळपण दोन वाट्या जास्त घेतले ना."

तेवढ्यात कोपऱ्यातून एक जण, "गुरुजी, कुणी मेलं असंल. मयताला पण दारात चपला असत्यात." मी काही बोलायच्या आत ती मघाची खडखड वाचणारी मुलगी उठली. "येडा का तू? मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. मग तांदूळ कशाला काढंल आजी?" तो म्हणाला, "शेजाऱ्यांनी आणला असंल भात." ती म्हणाली, "डब्यातून काढला लिहिलंय. डबा आजीचाय." आणि पुस्तकात ठेवतात तसं उताऱ्यावर बोट ठेवून तिने ती ओळ त्याला दाखवली. बोट तेच. पण या वेळी पुरावा म्हणून.

मग पैसे 'गुपचूप' का दिले, यावर मधली सुट्टी होईपर्यंत चर्चा. एका पोराचं म्हणणं, घरात साखर नव्हती आणि ते पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी लिहिताना एवढा विचार केलेला नव्हता.

लांबुळाही परत लिहिला फळ्यावर, नावं बदलून. या वेळी अकरा जणांनी आधी विचारलं की हे काय आहे. वीस जणांनी अजूनही सरळ उत्तरं लिहिली. असो.

बालाघाट | रविवार, रात्री ८:०५

'डबा आजीचाय' वाचून अंगावर काटा आला राव. उद्या हाच उतारा घेतो.

तिरकस | रविवार, रात्री ८:५०

हत्यार टाकतो, पण पूर्ण नाही. त्या मुलीला मयताच्या घरची रीत माहीत होती म्हणून ती जिंकली. माहिती!

निवृत्त मास्तर | रविवार, रात्री ९:००

आणि ती माहिती इथे वापरायची हे तिला तीन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. झोपा आता.

पोळपाट | सोमवार, सकाळी ७:३०

मी काल रात्री मुलाला हाच उतारा दिला. तो म्हणाला, "आई, दारात चपला कशा? शू रॅकमध्ये नाही ठेवल्या?" मग म्हणाला, "डिलिव्हरीवाले असतील." म्हटलं, ते चपला काढतात का? नाही म्हणाला. तांदळाचं विचारलं तर म्हणाला, कुकरला किती लागतो ते मला काय माहीत.

आता रोज संध्याकाळी कुकर लावायला त्याला हाताशी घेतेय. शहरातल्या मुलांसाठी चपलांच्या जागी काय घालू, गुरुजी?

खडूधारी | सोमवार, सकाळी ७:५५

ताई, वॉचमनचा फोन करून बघा. "खालून वॉचमनचा फोन आला. आई घाईघाईने सोफ्यावरचे कपडे उचलायला लागली." पुढचं त्यालाच सांगू द्या. परिपाठाची घंटा झाली, पळतो.